रवानगीपासून पीपीओपर्यंत : ड्यूटीवर जखमी किंवा मृत झालेल्या पोलिसाच्या इंदूरमधल्या कुटुंबाने काय करावं

घरचा माणूस पोलिसात असला की 'सर्व्हिस बुक' हा शब्द कानावर सारखा पडतो, पण ते पुस्तक उघडून पाहिलेली बायको मला ३१ वर्षांच्या नोकरीत दोनदाच भेटली. मी मध्य प्रदेश पोलिस खात्यात बाबू होतो, आस्थापना शाखेत. वर्दी कधी अंगावर चढली नाही. वर्दीतल्या माणसांच्या रजा, वेतनवाढी आणि वेळ आली की त्यांच्या बायकांचे अर्ज, एवढंच माझ्या टेबलावर आलं. आता सुदामानगरात राहतो. ओळखीपाळखीतून अजून फोन येतात आणि पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "काका, ते एक कोटी कधी मिळतात?"

तर आधी त्या एक कोटीचं बोलू.

मे २०२२ मध्ये गुना जिल्ह्यातल्या आरोनजवळ काळविटांच्या शिकाऱ्यांनी तीन पोलिसांना गोळ्या घातल्या. तेव्हा मुख्यमंत्र्यांनी प्रत्येक कुटुंबाला एक कोटी रुपये जाहीर केले. अशा, म्हणजे गुन्हेगारांशी किंवा नक्षलवाद्यांशी लढताना आलेल्या मृत्यूंसाठी ही रक्कम आहे. बंदोबस्तात हृदयविकाराचा झटका आला, समन्स बजावायला जाताना ट्रकने उडवलं, कोठडीतल्या आरोपीला नेताना गाडी उलटली, या घटनांमध्ये ती आपोआप मिळत नाही. माझ्या टेबलावर आले ते बहुतेक अर्ज याच दुसऱ्या प्रकारचे. आणि जिथे घोषणा झालेली असते तिथेही पैसा घोषणेवर निघत नाही, आदेशावर निघतो. वर्तमानपत्राचं कात्रण जपून ठेवा, पण कार्यालयात विचारायचं ते आदेशाचा क्रमांक आणि तारीख. आणखी एक : जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी जाहीर केलं की शहिदांच्या मदतीतला निम्मा वाटा पत्नीला आणि निम्मा आई-वडिलांना मिळेल. सासू-सुनेचं पटत नसेल तर हे दोघींनी पहिल्याच दिवशी समजून घेतलेलं बरं.

बाकी सगळ्यांसाठी पैसा एका ठिकाणाहून येत नाही. आठ-दहा ठिकाणांहून थोडा थोडा येतो, प्रत्येकाचा अर्ज वेगळा, खिडकी वेगळी. एका खिडकीवर अर्ज दिला म्हणजे बाकीच्यांना कळलं असं समजू नका.

पहिले दोन दिवस : रवानगी आणि एमएलसी

ठाण्यातून माणूस कामावर निघतो तेव्हा रोजनामचा सान्ह्यात त्याची रवानगी लिहिली जाते, परतला की वापसी. वेळ, ठिकाण, कशासाठी, कोणाच्या हुकमावरून. 'ड्यूटीवर होता' हे पुढे प्रत्येक खिडकीवर सिद्ध करायचं असतं आणि त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा ही दोन ओळींची नोंद. घटनेनंतर पहिल्या दोन दिवसांत नात्यातला एखादा धीराचा माणूस ठाण्यात पाठवा. मुन्शीकडून रवानगीचा सान्हा क्रमांक लिहून घ्या, प्रमाणित प्रतीसाठी अर्ज द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. विशेष सशस्त्र बलाचा जवान असेल तर ही नोंद बटालियनमध्ये सापडेल आणि पुढची नस्ती, म्हणजे फाइल, सेनानीच्या कार्यालयातून चालेल. इंदूरला पहिली आणि पंधरावी वाहिनी आहे. शहराच्या ठाण्यातला असेल तर आयुक्तालय. डिसेंबर २०२१ पासून इंदूर शहर आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण ठाणी वेगळ्या एसपींकडे आहेत, त्यामुळे अर्जाच्या माथ्यावर बरोबर अधिकारी लिहा. चुकीच्या टेबलावर गेलेला कागद परत यायला महिना घेतो.

हे मी इतकं ताणून का सांगतोय, ते सांगतो. रंगपंचमीच्या गेरीचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा, बंदोबस्त होता. राजवाड्यावर रंगात बुडालेली गर्दी. एका प्रधान आरक्षकाच्या (हेड कॉन्स्टेबलच्या) छातीत कळ आली. सोबतच्या पोरांनी भल्या मनाने त्याला मोटारसायकलवर बसवून घरी सोडलं. घरी जरा पडला, संध्याकाळी त्रास वाढला, मुलाने इस्पितळात नेलं. दारावरच्या डॉक्टरने विचारलं, "कहाँ तबीयत बिगड़ी?" मुलगा म्हणाला, "घर पर." रात्री माणूस गेला. कागदावर तो घरी आजारी पडून मेला. पुढे सोबत्यांचे जबाब, सान्ह्यातली रवानगी, वापसी न लिहिली जाणं, असं एकेक जोडत ती नस्ती उभी करायला दीड वर्ष गेलं. कुठलं कार्यालय ते सोडा. मुद्दा असा की कळ आली तर साथीदारांनी घरी न नेता थेट इस्पितळात न्यावं, आणि तिथे एमएलसीच्या, म्हणजे पोलिसी कामासाठी इस्पितळ करतं त्या वैद्यकीय नोंदीच्या, इतिहासाच्या रकान्यात 'ड्यूटी के दौरान', जागा आणि वेळ लिहून घ्यावी. एमवायमध्ये, म्हणजे सरकारी इस्पितळात, नेलं काय किंवा खासगीत, हा रकाना सगळीकडे असतो.

मृत्यू झाला असेल तर मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची पोलिस नोंद, कायम होतो, पंचनामा आणि शवविच्छेदन होतं. मर्ग क्रमांक आणि पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टची प्रत मागून घ्या. आजाराने गेला म्हणून शवविच्छेदन नको, असं घरचे म्हणतात ते समजू शकतो. पण अपघाती विम्याचा एकही दावा त्या रिपोर्टाशिवाय पुढे सरकत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत महानगरपालिकेत करा. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या, आणि नावाचं स्पेलिंग खिडकीवर उभं राहूनच तपासा.

माणूस वाचला, पण जखमी आहे

पोलिसांसाठी राज्याची पोलिस स्वास्थ्य सुरक्षा योजना आहे. तिच्या यादीतल्या इस्पितळात कॅशलेस उपचार होतात. पण ते होतात इस्पितळाने कार्ड पाहून वेळेवर मंजुरी मागवली तर. भरती करतानाच काउंटरवर हे सांगा. यादीबाहेरच्या इस्पितळात जावं लागलं तर तातडीचं कारण डॉक्टरकडून लेखी घ्या आणि औषधांची प्रत्येक पावती ठेवा. मेडिकल दुकानांच्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्या तीन-चार महिन्यांत पांढऱ्याफट्ट होतात. ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि मूळ पावतीला टाचून ठेवा. प्रतिपूर्तीची अर्धी प्रकरणं याच कोऱ्या कागदांवर अडलेली मी पाहिली आहेत.

रजेचं दुसरं. कर्तव्यावर झालेल्या इजेसाठी विशेष अपंगत्व रजा असते, ती नेहमीच्या अर्जित रजेतून वजा होत नाही. बाबू मात्र सवयीने अर्जित रजाच लिहितो. मीही लिहिली आहे. म्हणून अर्जावरच स्पष्ट लिहा की इजा कर्तव्यावर झाली आहे, सान्हा क्रमांक अमुक, विशेष अपंगत्व रजा मंजूर करावी.

हात-पाय कायमचा गेला तर घरात पहिली भीती नोकरीची. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम २० उपकलम ४ म्हणतं की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर जादा पद निर्माण करून द्यायचं. पाय गमावलेल्या एका शिपायाच्या प्रकरणात, कुणाल सिंह खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये आधीच्या कायद्याखाली हेच सांगितलं होतं. त्यामुळे कोणी सहज म्हणालं की 'अनफिट होऊन पेन्शन घेऊन टाका', तर सही करू नका. आधी जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून अपंगत्वाचा दाखला घ्या, मग दुसऱ्या कामासाठी अर्ज द्या. पेन्शनवर जायचा निर्णय नंतरही घेता येतो, पण घेतलेला मागे फिरवणं महाकर्मकठीण.

नावांचा घोळ, म्हणजे आपलाच

इथे मराठी घरांची एक खास अडचण आहे, जिच्यावर हिंदी बाबू कपाळाला हात लावतो. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहून सुनेचं नाव बदलायची आपली रीत. नवऱ्याने सर्व्हिस बुकात नामांकन भरलं 'सुनंदा'. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि माहेरच्या बँकेत ती 'शैलजा'. समग्र आयडीवर, म्हणजे राज्याच्या कुटुंब ओळखपत्रावर, कोणीतरी 'सुनंदाबाई' केलंय. अशीच एक प्लास्टिकची पिशवी घेऊन एक वहिनी माझ्यासमोर बसल्या होत्या. शेजारच्या टेबलावरच्याने कागद उलटे-सुलटे केले आणि मला हळूच विचारलं, "साहब, ये दो औरतें हैं क्या?" हसण्यासारखं होतं, पण त्या एका शंकेपायी कुटुंब पेन्शन चार महिने अडली होती.

यावर उपाय आहे. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीसमोर शपथपत्र करा. सोबत विवाह नोंदणीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि असेल तर लग्नपत्रिका जोडा. पत्रिकेवर माहेरचं नाव असतं आणि ती कामी येते, म्हणून फेकू नका. मग एक नाव ठरवा आणि आधार, पॅन, बँक, समग्र सगळीकडे तेच करा. मधलं नाव आणखी एक गंमत. आपण नवऱ्याचं नाव मध्ये लावतो, इथल्या फॉर्मवर 'पति का नाम' हा रकाना वेगळा. बँकेत मधल्या नावासकट खातं आणि पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, त्याशिवाय, असं झालं की पहिलं पेन्शन परत जातं. आधारवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, सगळीकडे लिहा.

कोणता अर्ज कुठे

विभागाकडून निघणाऱ्या रकमांची जंत्री अशी धरा : अनुग्रह राशी, ग्रॅच्युइटी, शिल्लक अर्जित रजेचे पैसे, समूह विमा, भविष्य निधी आणि कुटुंब पेन्शन. हे सगळं आस्थापना शाखेतून सुरू होतं. अनुग्रह राशी सगळ्यात आधी हातात पडते. सहा महिन्यांच्या वेतनाच्या हिशेबाने आणि ठरलेल्या कमाल मर्यादेत. तेराव्याआधी अर्ज जायला हरकत नाही, संकोच करू नका. भविष्य निधीचा हिशेब ग्वाल्हेरच्या महालेखाकार कार्यालयात असतो. त्यामुळे तो कागद इंदूरहून तिकडे जाऊन परत येतो. खाते क्रमांक आणि शेवटची वार्षिक पावती जोडली तर फेरी एकदाच होते.

कुटुंब पेन्शनमध्ये भरतीची तारीख पाहा. १ जानेवारी २००५ च्या आधी भरती झालेल्यांना १९७६ च्या पेन्शन नियमांप्रमाणे मिळते : शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि सुरुवातीच्या ठरावीक वर्षांत वाढीव दराने. त्या तारखेपासून पुढे भरती झालेल्यांचं खातं राष्ट्रीय पेन्शन प्रणालीत असतं. तिथे प्रान, म्हणजे त्या पेन्शन खात्याचा क्रमांक हवा आणि तिथलं नामांकन सर्व्हिस बुकातल्यापेक्षा वेगळं असू शकतं. लग्नाआधी भरती झालेल्या पोरांनी तिथे आईचं नाव दिलेलं असतं आणि पुढे बदलायचं राहून जातं. हे मी कितीदा पाहिलं, मोजलं नाही.

आता ज्यासाठी सगळा सान्हा सांभाळायचा, ती गोष्ट. कर्तव्यावर जीव गेला असेल तर साध्या कुटुंब पेन्शनऐवजी असाधारण पेन्शनचा हक्क तपासा. मध्य प्रदेशात सरकारी नोकरांसाठी १९६३ चे असाधारण पेन्शन नियम आहेत आणि पोलिसांसाठी खास १९६५ चे असाधारण परिवार निवृत्तिवेतन नियम आहेत. रक्कम साध्या पेन्शनपेक्षा जास्त असते. बाबू स्वतःहून हा फॉर्म पुढे करेल याची खात्री नाही, कारण त्यात टिपण लांब लिहावं लागतं. अर्जात नियमाचं नाव आणि वर्ष लिहा. मग त्याला 'लागू नाही' हे कारणांसहित लिहावं लागेल.

पोलिस कल्याणाच्या निधी वेगळ्या. परोपकार निधी, संकट निधी, शिक्षा निधी यांसाठी पगारातून दरमहा थोडी कपात होत असते. जुनी पगारपत्रकं काढा, कपातीचा प्रत्येक रकाना वाचा आणि प्रत्येक कपातीसमोर विचारा : हिचं मिळतं काय?

हीच युक्ती बँकेच्या पासबुकावर. मे-जूनच्या पानावर ४३६ रुपयांची कपात दिसली तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, २० रुपयांची दिसली तर सुरक्षा विमा. दोन्हींत मृत्यूवर दोन-दोन लाख, फक्त दुसरी अपघातासाठीच. पगाराचं खातं पोलिस सॅलरी पॅकेजमध्ये असेल तर त्यावर अपघाती विमा असतो आणि बरेचदा एवढी मोठी रक्कम घरच्यांना ठाऊकच नसते. या दाव्यांची मुदत आखूड. पंधरा दिवसांत शाखेला लेखी कळवा, आणि दावा सुटेपर्यंत ते खातं बंद करू नका. घरकर्ज असेल तर कर्जावर विमा होता का, तेही त्याच दिवशी विचारून घ्या. पोस्टाचा जीवन विमा, एलआयसीची पगार बचत, हे कपाटात शोधा.

सीमा सुरक्षा दलाची कुटुंबंही इंदुरात पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी एक ओळ : 'भारत के वीर' हा निधी केंद्रीय दलांसाठी आहे, राज्य पोलिसांसाठी नाही. मध्य प्रदेश पोलिसातल्या कोणाच्या नावाने तिथे पैसे जमतायत असं कोणी सांगितलं तर सावध व्हा.

रस्त्यावरचा अपघात : ही खिडकी लोक विसरतात

गस्तीवर किंवा बाहेरगावी तपासाला जाताना गाडीने उडवलं, तर विभागाची मदत मिळाली म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला हक्क जात नाही. कुटुंब पेन्शन, भविष्य निधी, विमा हे नुकसानभरपाईतून वजा करता येत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं आहे. मात्र अनुकंपा म्हणून मिळणारी काही वेतनसदृश रक्कम वजा होऊ शकते. वकिलाला सगळं खरं सांगा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा असतो. अपघात दूर कुठे झाला असला तरी तुम्ही इंदुरात राहता तर इंदुरात लावता येतो. चूक कोणाची हे सिद्ध करायचं नसेल तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख मिळतात. उडवणारी गाडी सापडलीच नाही तर 'हिट अँड रन' योजनेत दोन लाख आणि ५० हजार. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते.

नोकरी आणि मुलं

अनुकंपा नियुक्ती हा वारसा नाही. कुटुंबाला अचानक आलेल्या संकटातून बाहेर काढायला ती आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच म्हटलंय. म्हणून उशीर अंगाशी येतो. घरात आधी ठरवा कोण घेणार, आणि बाकीच्यांची अनापत्ती शपथपत्रावर एकदमच घ्या. वर्षभराने दिराचं मन बदललेलं मी पाहिलंय. लग्न झालेल्या मुलीला केवळ लग्न झालं म्हणून वगळता येणार नाही, हा मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा २०२० चा निर्णय. मूल लहान असेल तर बाल आरक्षक (बाल कॉन्स्टेबल) म्हणून नाव लागू शकतं. त्याला वेतनाचा काही भाग मिळतो आणि सज्ञान झाल्यावर आरक्षक होता येतं. मात्र आईने आधी विचार करावा. ज्या पोराला पुढे शिकायचं आहे त्याच्या नावावर घाईने वर्दी बांधून टाकू नये, असं माझं स्वतःचं मत.

शिक्षणासाठी केंद्राची पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. दहशतवादी किंवा नक्षली हल्ल्यात शहीद झालेल्या राज्य पोलिसांची मुलंही २०१९ पासून तिच्यात बसतात. वर्षाला ५०० जागा, मुलींना दरमहा ३००० आणि मुलांना २५०० रुपये, व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर.

अडलं तर, आणि पैसे आल्यावर

प्रत्येक अर्जाची एक फाइल, वर तारखांची यादी. तीस दिवसांत हालचाल नसेल तर आधी त्याच कार्यालयात स्मरणपत्र, मग वरच्या अधिकाऱ्याकडे, मग माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न : माझी नस्ती आज कोणत्या टेबलावर आणि कधीपासून? भांडायची गरज पडत नाही, प्रश्न पोचला की नस्ती चालू लागते. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते, पण समाधान झाल्याशिवाय फोनवर 'हो, झालं' म्हणू नका. तक्रार तिथेच बंद होते.

पैसे खात्यात आले की आठवड्यात दोन-तीन पाहुणे येतील. एकाकडे प्लॉट असेल, दुसऱ्याकडे 'सुरक्षित' विमा पॉलिसी. सहा महिने कोणालाच हो म्हणू नका. बँकेत मुदत ठेव किंवा पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवा. तिथे एका नावावर नऊ लाखांपर्यंत ठेवता येतात. आणि दर नोव्हेंबरमध्ये जिवंत असल्याचा दाखला द्यायला विसरू नका.

नवरा नोकरीत आहे आणि हे वाचताय, तर तुमच्यासाठी काम एकच आहे. त्याला पुढच्या सुट्टीत हा अर्ज साध्या कागदावर लिहायला लावा, हिंदीतच, कारण टेबलावर हिंदीच चालते : "मेरी सेवा पुस्तिका के नामांकन एवं परिवार विवरण पृष्ठ की प्रमाणित प्रति प्रदान करने की कृपा करें।" प्रत मिळाली की तुमचं नाव आधारशेजारी ठेवून अक्षर अक्षर जुळवून पाहा.